तंबूचा थाट आणि रानाचें सुख

मनुष्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. डोक्यावर छप्पर नसतें तेव्हां तें मिळावें म्हणून तो जन्मभर कष्ट करतो. आणि तें मिळालें, चांगलें दगडविटांचें घर उभें राहिलें, त्यांत विजेचे पंखे व गरम पाण्याच्या तोट्या आल्या, म्हणजे चार दिवस तें घर सोडून माळावर तंबू ठोकून राहावें अशी ऊर्मि त्याला येते. बरें, एवढ्यावर थांबावें, तर तसेंही नाहीं. माळावर पलंगावांचून झोंप येत नाहीं, म्हणून पलंग तेथें जातो. पलंगामागून गादी, गादीमागून गालिचा, गालिच्यामागून न्हाणीघर आणि न्हाणीघरामागून आरसा. अशा रीतीनें सोडून आलेलें घर हळूहळू मागोमाग येऊन तंबूंत शिरतें. या सोयिस्कर रानवासालाच हल्लीं ‘ग्लॅम्पिंग’ असें नांव पडलें आहे. आमच्या वाचककुटुंबांतील तरुण मंडळी या नांवाशीं परिचित असतीलच. वडील मंडळींच्या कानांवरही सुटीच्या दिवसांत “आजोबा, या खेपेस तंबूंत राहायला जाऊं या” असा नातवंडांचा आग्रह येऊं लागला असेल. तेव्हां ही वस्तु आहे तरी काय, ती आली कोठून, आणि आपल्यासारख्या गृहस्थाश्रमी माणसांनीं तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमचा जन्म शब्दांची फोड करण्यांत गेला असल्यामुळें प्रथम शब्दाकडेच वळणें आम्हांस भाग आहे. ‘ग्लॅमरस’ आणि ‘कॅम्पिंग’ हे दोन शब्द एकमेकांत कोंबून हा जोडशब्द झाला. याला संधि म्हणावें, तर कोणत्याच व्याकरणाचा त्याला आधार नाहीं. इंग्लंडांत २००५ सालच्या सुमारास तो वापरांत आला व २०१६ सालीं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें त्याला आपल्या पंक्तीस बसविलें. ‘कॅम्प’ याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘कॅम्पस’, म्हणजे मोकळें मैदान. ‘ग्लॅमर’ची कथा याहून गमतीची आहे. हा शब्द ‘ग्रामर’, म्हणजे व्याकरण, याचाच स्कॉटलंडांत झालेला अपभ्रंश होय. जुन्या काळीं अशिक्षित लोकांस व्याकरण जाणणारा पंडित म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा जादूगारच वाटे. त्यामुळें ‘ग्लॅमर’ याचा पहिला अर्थ ‘डोळ्यांवर घातलेली मोहिनी’ असा होता. सर वॉल्टर स्कॉटनें आपल्या लेखनानें तो शब्द रूढ केला आणि पुढें त्यांतील जादू जाऊन झगमगाट तेवढा राहिला. ज्या विषयाच्या तासाला वर्गांतील अर्धी मुलें डुलक्या घेत, त्याच विषयाच्या पोटीं असला चकचकीत शब्द जन्मास यावा, हें पाहून एखाद्या पेन्शनर व्याकरण-शिक्षकास काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ‘टेंट’ हा शब्दही ‘ताणणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला असून आपल्या संस्कृतांतील ‘तन्’ धातु त्याचाच सगोत्र आहे. तंतु, तान, वितान हे सर्व त्या एकाच कुळांतले. म्हणजे तंबू याचें मर्म ताणलेलें कापड एवढेंच. हें मर्म ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचा विचार सोपा होईल.

नांव नवें असलें तरी हौस मात्र नवी नाहीं. अमरकोशांत तंबूचा निर्देश ‘वस्त्रवेश्म’, म्हणजे कापडाचें घर, असा आला आहे; आणि राजेरजवाड्यांच्या मुक्कामासाठीं उभारलेल्या शामियान्यास संस्कृतांत ‘उपकार्या’ म्हणत. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत रघुपुत्र अज हा इंदुमतीच्या स्वयंवरासाठीं विदर्भाकडे निघतो. वाटेंत त्याच्यासाठीं अशा उपकार्या उभ्या राहतात, आसपासचे ग्रामस्थ भेटी घेऊन येतात, आणि त्यामुळें ते रानांतले मुक्काम रानांतले न वाटतां बागेंतील विहारासारखे झाले, असें कालिदास सांगतो. आजच्या जाहिराती तरी याहून अधिक काय सांगतात? परंतु त्याच सर्गांत, थोडें पुढें, नर्मदेच्या पाण्यांतून एक रानहत्ती बाहेर निघतो आणि या सगळ्या थाटाच्या तळाची क्षणांत दाणादाण उडवितो, हेंही कवीनें सांगून ठेवलें आहे. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मोंगलांनीं तर ही कला पराकाष्ठेस नेली. अबुल फझलच्या ऐन-इ-अकबरींत बादशहाच्या एका तळाचा पसारा वर्णिला आहे. तो वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. शिवाय तंबू उभारणारे १,००० फर्रास, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार आणि १५० झाडूवाले निराळेच. असे दोन संच असत. बादशहा एकांत राही, तोंवर दुसरा पुढच्या मुक्कामीं जाऊन उभा राही, म्हणजे स्वारी पोंचण्यापूर्वीं तेथें महाल तयार! युरोपांतही हीच हौस होती. १५२० च्या जून महिन्यांत इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस हे कॅले शहराजवळ भेटले, तेव्हां दोघांनींही एकमेकांस दिपविण्यासाठीं इतके जरीचे तंबू उभारले कीं, त्या जागेस ‘जरतारी मैदान’ अशा अर्थाचें नांव पडलें. अडीच आठवडे मेजवान्या झाल्या. स्नेहाच्या आणाभाका झाल्या आणि दोन वर्षांच्या आंत हेच दोन देश पुन्हां युद्धास उभे राहिले.

आपल्या महाराष्ट्रानें तर या थाटाची अखेर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे. औरंगजेब १६८१ सालीं दक्षिणेकडे निघाला तो १७०७ सालीं अहमदनगरास मरेपर्यंत परत गेला नाहीं. पंचवीस वर्षें तो बहुतेक तंबूंतच राहिला. भीमाकांठच्या ब्रह्मपुरीस तर सुमारें चार वर्षें त्याची छावणी म्हणजे एक चालतेंबोलतें शहरच होतें. आणि त्याच बादशहाच्या तुळापूरच्या तळावर १६८९ सालीं संताजी घोरपडे व विठोजी चव्हाण यांनीं छापा घालून, शाही डेऱ्याचे तणावे कापून सोन्याचे कळस नेले, ही बखरींतील हकीकत आमच्या पिढीनें शाळेंतच ऐकली. ती ऐकतांना मुलांचे डोळे चमकत. तंबू कितीही मोठा असो, कळस कितीही सोन्याचा असो, त्याचा सगळा भार शेवटीं चार दोरांवर व चार मेखांवर असतो, हा या गोष्टीचा आमच्या मतें खरा बोध आहे.

हा झाला राजेलोकांचा तंबू. साध्या माणसानें केवळ आनंदासाठीं तंबूंत राहावें ही कल्पना त्या मानानें अर्वाचीन आहे. इंग्लंडांतील टॉमस हायरम होल्डिंग हा धंद्यानें शिंपी. लहानपणीं, १८५३ सालीं, अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतून गाड्यांच्या तांड्याबरोबर त्यानें प्रवास केला होता. त्याची गोडी त्याला जन्मभर पुरली. १९०१ सालीं त्यानें सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांचा संघ काढला व १९०८ सालीं या विषयावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. त्याच सुमारास, १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत, बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें, आणि त्यांतून पुढें बालवीर चळवळ जगभर पसरली. या लोकांचा सिद्धांत असा कीं, ओझें जितकें कमी तितकें सुख अधिक. याच काळांत पूर्व आफ्रिकेंत शिकारी श्रीमंतांची सफारी चालू होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं तेथें गेले तेव्हां त्यांच्यामागें शेंकडों हमालांची रांग होती. आजचें ग्लॅम्पिंग म्हणजे या दोन प्रवाहांचा संगम होय. बालवीराचा उघडा माळ आणि सफारींतली मऊ गादी, या दोहोंची गांठ त्यांत मारली आहे. दोन्ही एकत्र नांदतील किंवा कसें, हाच खरा प्रश्न आहे.

आतां तंबूच्या रचनेकडे वळूं. हल्लींच्या तळांवर मुख्यतः तीन-चार जातींचे तंबू दिसतात. मध्यें एकच खांब असून घंटेसारखा दिसणारा तंबू हा एक. अमेरिकन सेनाधिकारी सिब्ली यानें १८५६ सालीं पेटंट घेतलेला तंबू याच धर्तीचा होय. दुसरा मंगोलियांतील गोल ‘गेर’. लांकडी जाळीवर लोकरीचा नमदा लपेटून हें घर बनतें, आणि तें बांधण्याच्या परंपरागत कलेस युनेस्कोनें २०१३ सालीं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. तिसरा अर्धगोल घुमट. त्रिकोणांच्या सांगाड्यावर आच्छादन ताणलेलें असतें. अशा घुमटाचें पेटंट बकमिन्स्टर फुलर यांनीं १९५४ सालीं घेतलें. आणि चौथा आपल्या कलेक्टरांच्या फिरतीचा जुना दुहेरी छपराचा तंबू, ज्याला आजही स्विस कॉटेज तंबू म्हणतात. यांत वरचें छप्पर व आंतलें छप्पर यांच्यामध्यें हवेचा थर राहतो. ऊन वरच्या कापडावर पडतें, मधली हवा वाहती राहते, आणि आंतला मनुष्य भाजून निघत नाहीं. ज्या तंबूस एकच कापड असतें तो दुपारीं भट्टी व पहांटे बर्फ होतो, कारण निरभ्र रात्रीं जमिनीची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते आणि पातळ कापड तिला अडवूं शकत नाहीं. सुती कापडाचा गुण असा कीं, भिजल्यावर धागे फुगतात व छिद्रें आपोआप बुजतात. मात्र अशा ओल्या कापडाला आंतून बोट लावलें कीं, तेथूनच थेंब टिपकूं लागतो. उलट मेणकापडासारखें प्लॅस्टिकचें कापड बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, पण माणसांच्या श्वासाची वाफही बाहेर जाऊं देत नाहीं. ती रात्रभर छताला जमते आणि सकाळीं पांघरुणावर ठिबकते. मग लोक उगीचच दंवाला दोष देतात.

आपल्याकडे ही हौस सर्वांत अधिक फोफावली ती मावळांतील पवना धरणाच्या कांठीं. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले भोंवतीं, मध्यें पसरलेलें पाणी, आणि मुंबई-पुण्याहून कांहीं तासांची वाट. एवढें असल्यावर आणखी काय पाहिजे? ठाकूरसईसारख्या गांवांच्या हद्दींत पाण्याच्या कडेनें तंबूंच्या रांगा लागलेल्या दिसतात. गेल्या माघ महिन्यांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तेथें एका तळावर दोन रात्रीं राहिलों. पहिल्या पहांटे धुकें पाण्यावरून उठत असतांना तिकोन्याचा माथा हळूहळू प्रकट झाला, तेव्हां घरांतील सहा वर्षांची मुलगी कोणीं न सांगतां गप्प बसून राहिली. या एका गोष्टीसाठीं सगळा खर्च वसूल झाला असें आम्हांस वाटलें. परंतु आदल्या रात्रीं शेजारच्या तळावरील ध्वनिवर्धक मध्यरात्र उलटेपर्यंत गर्जत होता, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या गाण्यांपासून पळून माणसें शहराबाहेर आलीं, तींच गाणीं किल्ल्यांच्या कड्यांवरून दुप्पट होऊन परत येत होतीं.

तळाचा मालक त्याच गांवचा शेतकरी होता. त्याच्याशीं बोलतांना कळलें कीं, त्याच्या वडिलांची भाताची खाचरें आज ज्या पाण्याकडे पाहून आम्ही आनंदित होत होतों, त्याच पाण्याखालीं आहेत. हें धरण १९७० च्या दशकाच्या आरंभीं पुरें झालें; धरणग्रस्तांपैकीं कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही लोंबकळत राहिला. त्यांतून पवनेचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळांतील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजीं मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचा प्राण गेला. ज्याला आपण केवळ सुंदर देखावा म्हणतों, त्याच्या पोटांत असा इतिहास असतो. उरलेल्या पट्टीवर तंबू लावून त्या शेतकऱ्याच्या घरांत चार पैसे येत असतील, त्याच्या सुनेच्या हातच्या पिठलें-भाकरीला योग्य मोल मिळत असेल, तर या हौसेनें कांहीं पुण्यही जोडलें असें म्हणावें लागेल. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण मान्य केलें, त्याचाही हेतु हाच कीं, शेतकऱ्याला शेत न विकतां शेताच्या आधारें जोडधंदा मिळावा. परंतु जेथें जमीन शहरांतील धनिकानें घेतलेली असते आणि मूळ मालक तेथेंच रात्रपाळीचा राखणदार म्हणून उभा असतो, तेथें त्याच तंबूचा अर्थ पार बदलतो. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं पलंगाची चौकशी करतां, तशीच जमीन कोणाची व चूल कोणाची हीही चौकशी करावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

दुसरें उदाहरण भंडारदऱ्याचें. प्रवरेवरील हें धरण १९२६ सालीं पुरें झालें. जवळच १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, आणि भोंवतालचा बराच प्रदेश १९८६ सालापासून अभयारण्य म्हणून राखलेला. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस पडण्याच्या अगोदर, तेथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांची दिवाळी असते. एक झाड लखलखतें, विझतें, मग दुसरें लखलखतें. पाहणारा देहभान विसरतो. हें पाहण्यासाठीं अलीकडे हजारों लोक जातात व कित्येक तंबूंत उतरतात. पण काजव्याचा प्रकाश म्हणजे त्याची भाषा आहे. नर विशिष्ट लयींत चमकतो, झाडावर किंवा गवतांत बसलेली मादी त्याला उत्तर देते, आणि प्रौढ काजव्याचें सगळें आयुष्य कांहीं आठवड्यांचें असल्यामुळें या संभाषणाला वेळ फार थोडा असतो. त्यांतच मोटारींचे दिवे, हातांतले मोबाईल आणि तंबूंवरील रंगीत दिव्यांच्या माळा यांचा झोत पडला कीं, नराला मादी दिसत नाहीं व मादीला नर दिसत नाहीं. अळ्या तर वर्षाचा बराच काळ ओल्या मातींत व पाचोळ्यांत राहून गोगलगाई खातात. त्यांच्यावरून शेंकडों पाय फिरले म्हणजे पुढच्या वर्षींची दिवाळी मातींतच चिरडली जाते. ज्या अंधारासाठीं तेथें जावयाचें, तोच आपण दिवा लावून घालवितों! आपल्या घरीं सत्यनारायणाच्या पूजेला येऊन कोणी समईच फुंकून टाकली तर आपणांस कसें वाटेल? काजव्यांच्या झाडाखालीं दिवा लावणें म्हणजे तोच प्रकार आहे.

आतां त्या रानहत्तीकडे येऊं. २०२१ सालच्या जानेवारींत केरळांतील वायनाड जिल्ह्यांत, मेप्पाडीजवळ, रानालगतच्या एका खासगी तळावर तंबूंत उतरलेल्या एका प्रवासी स्त्रीचा हत्तीच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. त्यानंतर परवानगीवांचून चालणाऱ्या तंबूनिवासांवर तेथील अधिकाऱ्यांनीं बडगा उगारला. अजापाशीं धनुष्य होतें व कवीच्या कृपेनें तो हत्ती शापमुक्त गंधर्व निघाला. आपल्यापाशीं धनुष्य नाहीं आणि आपला हत्ती हत्तीच राहतो. अपराध त्याचाही नव्हे. त्याच्या वाटेवर आपण गादी घातलेली असते. गंगेच्या कांठींही असाच प्रकार झाला. हृषीकेशाच्या वरच्या बाजूस वाळूच्या पुळणींवर तंबूंची इतकी दाटी झाली कीं, राष्ट्रीय हरित अधिकरणाला २०१५ सालीं तेथें कडक निर्बंध घालावे लागले. तंबू हलका असतो, पण त्यांत राहणाऱ्या माणसांचें मलमूत्र, साबणाचें पाणी व प्लॅस्टिकचा कचरा हीं हलकीं नसतात. तंबूची घडी घालतां येते, परंतु शोषखड्डा न खणतां नदींत सोडलेल्या पाण्याची घडी घालतां येत नाहीं.

आणखी एका गोष्टीचा विचार सुखवस्तु माणसानें करावा असें आम्हांस वाटतें. तंबू हा आपल्यासाठीं दोन दिवसांचा थाट असला, तरी पुष्कळांचें तें सक्तीचें घर आहे. बीड, जालना आदि जिल्ह्यांतून दरवर्षीं कार्तिकाच्या आगेंमागें लाखों माणसें ऊंस तोडण्यास निघतात. नवरा-बायकोचें जोडपें म्हणजे एक ‘कोयता’. पांच-सहा महिने तीं कारखान्याच्या आसपास पाचटाच्या व कापडाच्या कोपींत काढतात. तेथें दिव्यांच्या माळा नसतात आणि पुष्कळ ठिकाणीं न्हाणीघरही नसतें. आपल्याही घराण्यांतून ही आठवण अगदींच पुसलेली नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत व पुढच्याच वर्षीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां आणि पुढें कित्येक वर्षें साथ आली कीं, वाड्यांना कुलुपें लावून मोठमोठीं एकत्र कुटुंबें गांवाबाहेरच्या माळावर झोंपड्या घालून राहत. आमच्या आजीच्या बोलण्यांत त्या दिवसांची भीति होती, तशीच एक विलक्षण मोकळीकही होती. वाड्याच्या चौकांत जन्म घालविणाऱ्या बायकांना उघडें आकाश प्रथम तेथें दिसलें.

आणि स्वखुशीचा साधा तंबू पाहावयाचा तर आषाढी वारींत पाहावा. आळंदीहून निघालेली पालखी अठरा-वीस दिवसांनीं पंढरीस पोंचते. रोज दिंड्यांचे ट्रक पुढें जातात, मुक्कामीं राहुट्या उभ्या राहतात, रात्रीं तेथें एक नगर वसतें आणि सकाळीं मोडतें. अकबराचे तंबूही असेच पुढें जात; परंतु तेथें एका माणसासाठीं शंभर हत्ती, आणि येथें शेंकडों माणसांसाठीं एक ट्रक. राहुटींत पाय पसरायला जागा नसते, तरी त्या अठरा दिवसांसाठीं लोक वर्षभर वाट पाहतात. सुख गादीच्या जाडीवर अवलंबून असतें, तर असें झालें नसतें.

मग वाचक विचारतील, हा थाट सर्वथैव त्याज्यच काय? आमचें मत तसें मुळींच नाहीं. एकत्र कुटुंबांत गुडघे दुखणारे आजोबा असतात, तान्हें मूल असतें, रात्रीं दोनदां उठावें लागणारी आजी असते. त्यांना जमिनीवर सतरंजी टाकून निजविणें हा बालवीराचा धर्म असेल, गृहस्थाचा नव्हे. पलंग, स्वच्छ शौचकूप, कढत पाणी व वारा न लागणारी कनात यांच्यामुळें घरांतील ज्येष्ठांना चांदणें पाहावयास मिळत असेल, तर तो विलास नसून सोय आहे. कार्तिकांत आवळीखालीं भोजन करावें, कोजागरीस चंद्र पाहावा, हे आपल्या पूर्वजांनीं लावलेले नियम तरी काय होते? वर्षांतून निदान दोनदां सगळ्या कुटुंबानें घराबाहेर पडून झाडाखालीं व आकाशाखालीं बसावें, आणि रोज चुलीपाशीं गुंतलेल्या घरच्या लक्ष्मीनेंही त्यांत असावें, हाच त्यांचा मतलब. येथें कुटुंबप्रमुखांस एक सूचना करावीशी वाटते. तंबूंत गेल्यावरही चहा-फराळाची काळजी घरच्या बायकांनींच वाहावयाची असेल, तर तें सुख अर्ध्या कुटुंबाचेंच झालें. त्या दोन दिवसांत चहा पुरुषांनीं करावा. तो कसाही झाला तरी प्रत्येकानें गोड मानून घ्यावा.

जाणाऱ्यांसाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून ठेवतों. सह्याद्रींत तंबूसाठीं कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. चैत्र-वैशाखांत दुपार असह्य होते, आणि पावसाळ्यांतील वाऱ्यापुढें मेखा टिकत नाहींत. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत किंवा कड्याच्या अगदीं पायथ्याशीं तळ असेल तर तेथें राहूं नये. वळवाचा पाऊस विजेसह येतो, आणि तंबूंत विजेपासून मुळींच संरक्षण नसतें. अशा वेळीं पक्क्या इमारतींत किंवा बंद मोटारींत जावें. थंडी कितीही असो, तंबूच्या आंत कोळशाची शेगडी कधींही पेटवूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो आणि झोंपलेला मनुष्य जागाच होत नाहीं. धरणाचें पाणी कांठाशीं उथळ दिसलें तरी खालीं गाळ व एकदम उतरणारी जुनी शेतें असतात. पोहतां येणारेही तेथें बुडतात, मग न येणाऱ्यांची गोष्ट कशाला? रात्रीं बाहेर पडतांना पायांत चढाव व हातांत विजेरी असावी, आणि सकाळीं तो चढाव झटकून मगच पायांत घालावा. मलपाणी कोठें जातें, ध्वनिवर्धक किती वाजतां बंद होतो व वैद्य किती कोसांवर आहे, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं विचारावे. ज्या मालकाला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे जाऊं नये.

शेवटीं पुन्हां त्या ‘तन्’ धातूकडे येतों. तंबू म्हणजे ताणलेलें कापड. सैल सोडलें तर तो अंगावर पडतो, अति ताणलें तर फाटतो. सुखाचेंही असेंच आहे. सोय इतकी असावी कीं, घरांतील सर्वांत अशक्त माणसालाही रानांत एक रात्र स्वस्थ निजतां यावें. पण इतकी नसावी कीं, रानाला तेथें जागाच उरूं नये. तळ उठल्यावर दबलेलें गवत आठ दिवसांत पुन्हां उभें राहिलें, गांवच्या चुलीला चार लांकडें अधिक मिळालीं, काजव्यांना पुढच्या ज्येष्ठांत आपलें माणूस सांपडलें, आणि घरीं आलेल्या मुलानें निजण्यापूर्वीं एकदां गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहिलें, तर तो तंबू लाभला असें खुशाल समजावें. सोन्याचे कळस अकबरापाशींही होते आणि औरंगजेबापाशींही होते. त्यांच्या मेखा कोठें ठोकल्या होत्या, हें आज गवतालाही ठाऊक नाहीं. आपल्या दोन रात्रींच्या मुक्कामाचीही खूण मागें उरूं नये, यांतच तंबूंत राहणाऱ्याची शोभा आहे.